१२ फुटी की १६ फुटी? पंचगंगेवरच्या मासेमारीसाठी कुठली होडी घ्यावी

बंधाऱ्याखालचा · रविवार, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. आमचं घर रुई बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तीन पिढ्या नदीवरच गेल्या. आजोबांची लाकडी होडी वडिलांनी दरवर्षी डांबर लावून टिकवली होती. २०२१ च्या पुरात ती झाडाला बांधलेली असताना आपटून तळाच्या दोन फळ्या उचकटल्या. तेव्हापासून पत्रा ठोकून चालवतोय, पण आता काठाचं लाकूडही बोटानं दाबलं जातं. वडिलांना घेऊन पहाटेच्या अंधारात त्या होडीत बसायची माझी हिंमत राहिलेली नाही.

फायबरच्या दोन होड्या बघून आलोय. एक १२ फूट लांब, ४ फूट रुंद, वजन ७० किलोच्या आसपास. दुसरी १६ फूट लांब, साडेचार फूट रुंद, वजन १४० किलो. दोन्हींची खोली दीड फूट. किमतीत तीस हजारांचा फरक आहे. तो जमेल, पण सोनं गहाण ठेवून जमेल.

काम असं: संध्याकाळी मी आणि वडील जाळी लावतो, पहाटे चारला काढतो. चिलापी जास्त, कटला-रोहू बेताचा, कधी मरळ, वाम. मशीन नाही, वल्ह्यावरच. उन्हाळ्यात दोन महिने मेहुण्याबरोबर धामोडला तुळशी धरणावर जातो, तिथल्या सोसायटीचा तो सभासद आहे. तिसरी गोष्ट म्हणजे पूर. २०१९ ला वडिलांनी त्या जुन्या होडीतून गल्लीतली माणसं बाहेर काढली होती, म्हणून ते म्हणतात मोठीच घे. आई म्हणते लहान घे. माझं मन रोज बदलतंय. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा.

भोईगल्ली · रविवार, सकाळी ८.४५

पोरा, आधी माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं दे. दिवाळीनंतर बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की तू एकाच फुगवट्यात (बंधाऱ्यामागं तुंबलेल्या पाण्यात) मासे धरतोस का बंधारा ओलांडून दुसऱ्यात जातोस? आणि जात असशील तर होडी उचलायला माणसं किती असतात?

फूट आणि इंच नंतर बघू.

बंधाऱ्याखालचा · रविवार, सकाळी ९.२०

मामा, जातो. रुई ते इचलकरंजी हा आमचा नेहमीचा पट्टा. माशांचा जोर कमी झाला की इचलकरंजी बंधाऱ्याखाली उतरतो, तेरवाडच्या बाजूला. आठवड्यातून एक-दोनदा तरी. होडी काठावर ओढायची, बंधाऱ्यावरचा रस्ता ओलांडायचा, पलीकडं उतारावरून खाली. साठ-सत्तर पावलं होतील. उचलायला मी आणि वडील. वडील बासष्टचे आहेत. जुन्या होडीला रस्त्यावरच्या दोघा-तिघांना हाक मारावी लागायची आणि पहाटे कुणी मिळत नाही.

भोईगल्ली · रविवार, सकाळी ९.५०

मग निम्मं उत्तर तुझं तूच दिलंस. समुद्रावरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचं पाणी सलग असतं. आपली नदी नोव्हेंबर ते मे म्हणजे एकापुढं एक बांधलेले हौद. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. प्रत्येक ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढायची. सत्तर किलो दोन माणसं नेतात, एक चाळिशीचा आणि एक साठीचा असला तरी. एकशेचाळीसला चार गडी लागतात. ते मिळाले नाहीत की तू घरी बसणार, नाहीतर मासे कमी झालेल्या पाण्यातच जाळं टाकत राहणार.

मी स्वतः १७ फुटी लाकडी चालवली, वीस वर्षं. तेव्हा आम्ही पाच भाऊ होतो. आता पोरं कारखान्यात कामाला, आणि ती होडी घराच्या मागं पालथी पडली आहे.

आजऱ्याची_लेक · रविवार, दुपारी १.३०

दादा, मी दुसरी बाजू मांडते. मी आणि माझे मालक चित्री धरणावर जातो. आमची पहिली होडी ११ फुटीच होती. सकाळी पाणी आरशासारखं, काही त्रास नाही. दुपारी दोननंतर वारं सुटलं की धरणावर लाट उठते. नदीत तुम्हाला दोन्ही काठ जवळ, धरणात काठ लांब आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. त्या लाटेवर लहान होडी नुसती वर-खाली होत राहते, वल्हं मारलं की नाक फिरतं. एकदा अर्ध्या तासाचं अंतर यायला आम्हाला दोन तास लागले होते. मालक वल्हं मारत होते आणि मी डब्यानं पाणी उपसत होते. पोरगं तेव्हा दीड वर्षाचं, घरी सासूबाईंजवळ. त्या दोन तासांत काय काय मनात आलं ते लिहिता येणार नाही.

पुढच्या वर्षी आम्ही १५ फुटी घेतली. ती लाट कापत जाते. बर्फाची पेटी मधे ठेवली तरी पाय ठेवायला जागा उरते, जाळं एका टोकाला सुटं पडतं, गुंतत नाही. आमची होडी मात्र वर्षभर एकाच काठावर असते, उचलायची वेळ येत नाही. तुम्ही धरणावर फक्त दोन महिने जाता ना? मग तिथं मेहुण्यांची होडी नाही का?

बंधाऱ्याखालचा · रविवार, दुपारी २.०५

ताई, आहे. मेहुण्याची १८ फुटी आहे, त्यात आम्ही तिघं जातो. तुम्ही विचारल्यावर जाणवलं, की धरणासाठी मी जी होडी घेणार होतो ती तिथं आधीच आहे.

फायबरवाला · रविवार, रात्री ९.४०

मी मूळचा मालवणचा. बारा वर्षं फायबरच्या होड्या बांधल्या, आता कोल्हापुरात उद्यमनगरात दुसरं काम करतो. लांबीवर सगळे बोलले, रुंदीवर कुणीच नाही. होडी उलटते ती आडवी. तिला आडवं होण्यापासून लांबीपेक्षा रुंदी कितीतरी जास्त अडवते. लांबी दुप्पट केली तर हा घट्टपणा दुप्पट होतो. रुंदी दुप्पट केली तर आठपट होतो. म्हणजे तीच होडी चारऐवजी पाच फूट रुंद केली तरी घट्टपणा जवळजवळ दुप्पट. तुमच्या १६ फुटीची रुंदी फक्त अर्ध्या फुटानं जास्त आहे. दोन्ही जमेस धरून ती लहानीच्या साधारण दुप्पट घट्ट भरेल. हे चांगलंच आहे, पण त्यातला मोठा वाटा त्या अर्ध्या फुटाचा आहे. तेव्हा कारखानदाराला विचारा, १२ फुटीतच रुंद साचा आहे का.

आता वजन. होडीची दोन्ही टोकं निमुळती असतात, म्हणून लांबी गुणिले रुंदीच्या सत्तर टक्के धरा. लहान होडीत शंभर किलो टाकले की ती साधारण सव्वा इंच खाली बसते. मोठी पाऊण इंचाच्या जरा वर. तुम्ही दोघं १३० किलो, ओली जाळी ४०-५०, पेटी-बर्फ ३०, चांगल्या दिवशी मासे ५०. हे अडीचशे-दोनशे साठ झाले. लहान होडी रिकामी असते त्यापेक्षा सव्वातीन इंच खाली जाईल. दीड फूट खोलीतून हे आणि होडीचं स्वतःचं बसणं वजा केलं तरी फूटभर काठ पाण्यावर राहतो. नदीला तेवढा पुरे. धरणावरच्या दुपारच्या लाटेला पुरे नाही, ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं.

माणसं किती, याचा वीस फुटांच्या आतल्या होड्यांसाठी एक ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी, फुटात, भागिले पंधरा. लहान होडीला तीन माणसं, मोठीला चार. पाणी शांत असेल तेव्हा. मोठी दिसते त्यामानानं एकच माणूस जास्त, हे नीट लक्षात घ्या.

वेगाचं कुणी सांगेल, लांब होडी जोरात जाते. जाते. पण तिची मर्यादा पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. १२ फुटीला ताशी साडेआठ किलोमीटर, १६ फुटीला दहाच्या जरा आत. वल्ह्यावर जाळी घेऊन तुम्ही याच्या निम्म्यानंसुद्धा जात नाही. तो मुद्दा सोडून द्या.

भोईगल्ली · रविवार, रात्री १०.१५

मालवणकरांचं रुंदीचं गणित आपल्याकडच्या माणसाला काहिलीवरून कळेल. आमच्या लहानपणी पुराच्या पाण्यात लोक गुऱ्हाळाची काहील घालायचे. गोल, पसरट. चार माणसं बसली तरी कलत नाही. पण वल्हं डावीकडं मारलं की उजवीकडं गरगर फिरते, सरळ म्हणून जात नाही. रुंदीनं तोल मिळतो आणि लांबीनं दिशा. तुला दोन्ही थोडं थोडं पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी होडी विकणारा कधी सांगणार नाही. जाळं वर घेताना आपण जाळं ओढत नाही, होडी जाळ्याकडं ओढतो. हलकी होडी आपसूक जाळ्यामागं सरकते. जड होडी वाऱ्यानं आडवी झाली की तिचा सगळा भार जाळ्याच्या दोरावर आणि तुझ्या बापाच्या मनगटावर येतो. तासाभराच्या कामात तो भार जाणवत नाही, पण हंगामाच्या शेवटी खांदा उचलत नाही.

केंदाळाचं (जलपर्णीचं) मात्र लांब होडीला झुकतं माप. नाक निमुळतं असलं की ती केंदाळात घुसते, बुटकी अडते. इचलकरंजीच्या वर उन्हाळ्यात केंदाळ कसं साचतं ते तुला माहीतच आहे.

बंधाऱ्याखालचा · रविवार, रात्री १०.४०

केंदाळाचं काय सांगू मामा. आणि तेरवाडला उन्हाळ्यात पाणी काळं पडून मासे पांढरे होऊन तरंगतात, ते बघवत नाही. बंधाऱ्याला खच लागतो. त्या आठवड्यात आम्ही जाळी काढूनच ठेवतो. म्हणूनच मला फुगवटा बदलता आला पाहिजे. एका जागी अडकलो तर त्या आठवड्यात घरात चूल पेटवायची कशावर?

पुराचं अजून कुणी बोललं नाही. वडिलांचा सगळा जीव त्यात आहे.

शिरोळकर · सोमवार, सकाळी ६.३०

मी बोलतो. २०१९ ला आमचं गाव आठ दिवस पाण्यात होतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली होती, धोक्याची पातळी तिथं ४३ आहे. बाहेरची पथकं यायच्या आधी गावातल्या होड्यांनीच बाळंतिणी, म्हातारी माणसं, औषधं हलवली. माझ्या आईला डायलिसिसला नेलं ते एका भोई दादाच्या होडीतून. त्या होडीत आईला आडवं झोपवता आलं, कारण ती लांब होती. तुझ्या वडिलांना मोठी होडी का पाहिजे ते मला पूर्ण समजतं. त्यांच्या पाया पड माझ्यातर्फे.

भोईगल्ली · सोमवार, सकाळी ७.१५

शिरोळकर, तुमचं ऐकून डोळ्यात पाणी आलं. तरी मी विरुद्ध बोलणार आहे, कारण त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली. माणसं वाचवायलाच निघालेली होडी. तिच्यात मावतील त्याहून जास्त माणसं चढली होती. गाव बुडत असताना काठावर उभ्या माणसाला "तू थांब" म्हणायची छाती कुणाची होत नाही. होडी जेवढी मोठी तेवढी गर्दी मोठी. वर लिहिलेलं गणित परत वाचा, १६ फुटीत चारच माणसं. पण पुरात काठावरच्या लोकांना ती दहाजणांची दिसते.

शिवाय पुरातली नदी ही आपली रोजची नदी नव्हे. राधानगरीचे सात दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. त्यात इतर धरणांचं आणि ओढ्यांचं पाणी. वल्ह्यावरची होडी त्या धारेला टिकत नाही, शेतातल्या संथ पाण्यातच चालते. पाण्याखाली विजेच्या तारा, विहिरींचे कठडे, उसाचे बुडखे. माझा नेम आहे, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी लागली की होडी पाण्याबाहेर. बापाची होडी २०१९ ला गेली आणि परत आली हे देवाचं देणं. त्यावर पुढची होडी बेतू नये.

शिरोळकर · सोमवार, सकाळी ७.५०

मामा, ब्रह्मनाळ मी विसरलेलो नाही. पण पथक येईस्तोवरचे पहिले दोन दिवस कोण निभावणार? तुमचा नेम सगळ्यांनी पाळला असता तर माझी आई त्या दिवशी घरातच राहिली असती.

आजऱ्याची_लेक · सोमवार, दुपारी १२.२०

दोघांचंही बरोबर वाटतं. पण हा भार एका घरानं सोनं गहाण ठेवून का उचलायचा? गावासाठी मोठी होडी पाहिजे, तर ती ग्रामपंचायतीची असावी, लाइफ जॅकेटसकट, शाळेच्या पडवीत टांगलेली. चालवायला दादांचे वडील आहेतच, त्यांच्याइतकी नदी कुणाला कळते? ग्रामसभेत मांडा की. बायकांना आधी तयार करा, ठराव लवकर होतो.

नोंदवही · सोमवार, सायंकाळी ६.००

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत (२०२० पासून) मान्य खर्चाच्या ४० टक्के अनुदान सर्वसाधारण गटाला आणि ६० टक्के महिला व अनुसूचित जाती-जमातींना मिळतं. होडी आईच्या किंवा पत्नीच्या नावावर घेता आली तर विचारा. कोल्हापुरातल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी चौकशी करा, मंजुरीच्या आधी पैसे भरू नका. पुढं कधी मशीन लावलं तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी, तपासणी आणि विमा, तिन्ही आले. वल्ह्यावरच्या होडीला हा सगळा व्याप नाही, तिची नोंद वेगळी असते.

फायबरवाला · सोमवार, रात्री ९.१०

खरेदीला जाल तेव्हा या गोष्टी बघाच. एक रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडं टकटक करा. टणक आवाज आला तर बरं, बद्द आला तर आत रेझिन नीट बसलेलं नाही. आतली बाजू उन्हाकडं धरून बघा, फायबरच्या चटईचे धागे कोरडे पांढरे दिसले तर घेऊ नका. बसायच्या फळ्यांखाली फोम भरलाय का ते विचारू नका, बघा. फोम असेल तर होडी पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही, धरून राहता येतं. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तरंगते, फोम नसलेली फायबरची दगडासारखी खाली जाते. लाकडावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

आणि घ्यायच्या आधी पाण्यात घालून बघा. भरून. रिकामी होडी सगळ्यांनाच आवडते.

बंधाऱ्याखालचा · पुढचा रविवार, रात्री ८.३०

मंडळी, आज केलं. होड्यांच्या कारखान्याच्या मालकानं दोन्ही होड्या टेम्पोत घालून घाटावर आणू दिल्या, भाडं आमचं. मासे आणि बर्फाऐवजी वाळूची पोती मोजून घेतली, ऐंशी किलो. जुनी जाळी भिजवून आत टाकली. मी आणि वडील बसलो, काठावर खडूनं रेघ मारली. लहान होडीचा काठ भरून तेरा इंच वर राहिला. मी मुद्दाम एका बाजूला वाकून जाळं ओढल्यासारखं केलं, तेव्हा कलली, पण थांबली. मोठी जवळपास हललीच नाही. वडील तिच्यात बसले तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला. खूप वर्षांनी असे दिसले.

मग बंधाऱ्याकडं. लहान आम्ही दोघांनी उचलली, मधे एकदा टेकवली, पलीकडं उतरवली. मोठीला टेम्पोवाला आणि त्याचा पोरगा धरून चौघं लागलो. रस्त्याच्या मधोमध दोन्हीकडून गाड्या, हॉर्न. वडिलांचा हात सुटला. काही लागलं नाही, होडीचं टोक रस्त्यावर आपटलं तेवढंच. ते काही बोलले नाहीत. खाली उतरल्यावर मोठ्या होडीच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही माझ्या भावांबरोबरची होडी हाय. तुझी ती."

मालकाकडं १२ फुटीचाच एक साचा निघाला, साडेचार फूट रुंद, वजन ८० किलो. नोंदवही यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज आईच्या नावानं करतोय. मंजुरी येईस्तोवर मेहुण्याकडं जाईन. पत्रा ठोकलेली जुनी आता पाण्यात घालणार नाही.

फायबरवाले दादा, त्या साच्यात मधल्या फळीखाली फोम नाही, फक्त दोन टोकांना आहे. मधे भरून घ्यायला सांगू का? आणि नाक जरा निमुळतं करून मिळतं का, केंदाळासाठी?

फायबरवाला · पुढचा रविवार, रात्री ९.०५

मधल्या फळीखाली भरून घ्याच, त्याशिवाय बिल देऊ नका. टोकांचा फोम होडी तरंगती ठेवतो, पण मधे दोन्ही कडांना लावून भरला तर पाणी भरलेली होडी गरगर उलटत नाही. नाक साच्यातलं असतं, बदलत नाही. त्यापेक्षा नाकाखाली फायबरचा जादा थर आणि खाली एक उभी पट्टी मारून घ्या. केंदाळही कापेल, सरळही जाईल, आणि बंधाऱ्यावर ओढताना तळ घासणार नाही.

आजऱ्याची_लेक · पुढचा रविवार, रात्री ९.३०

दादा, लाइफ जॅकेट दोन घ्या, वडिलांना "घाला" म्हणू नका, आधी स्वतः घाला. आमच्याकडं तसंच झालं.

शिरोळकर · सोमवार, सकाळी ६.४५

ग्रामसभा कधी आहे तुमच्या गावात? २०१९ चे फोटो माझ्याकडं आहेत, आईचा होडीतला पण आहे. ठरावाच्या दिवशी मी येतो, वडिलांशेजारी उभा राहतो.

बंधाऱ्याखालचा · सोमवार, सकाळी ७.००

या दादा. तारीख कळली की इथंच टाकतो.